एकाच वाचकासाठी लिहिलेलं पत्रक

तुमच्या घरात तंबाखू खाणारं माणूस असेल, तर त्याच्या तोंडात तुम्ही कधी डोकावून पाहिलं आहे का? मी पाहिलं नव्हतं. आमच्या घरी ते आईनं केलं.

देगलूरला आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर घर चालायचं. फावल्या वेळात बाबा पदरमोड करून पत्रकं छापायचे, बहुतेक भानामतीविरुद्ध. कुणाच्या घरावर दगड पडले, दोरीवरचे कपडे पेटले, की गाव एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवायचं. मग बाबा पत्रकं घेऊन त्या गावात जायचे. त्या पत्रकांच्याच टाकाऊ प्रुफांवर मी वाचायला शिकले. हे सगळं करताना बाबांच्या डाव्या गालात तंबाखूची गोळी असायची. तिच्याविरुद्ध मात्र आमच्याकडे पत्रक निघालं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना तिखट सोसेना. आईनं त्यांना अंगणात, उन्हात बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, मधोमध न भरलेली जखम. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. बाबा खुर्चीतून उठले ते थेट बसस्टँडवर गेले.

मी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. रविवारी घरी आले, तेव्हा तोच विषय चालू होता.

"सुरी लागली की कॅन्सर पसरतो," बाबा म्हणाले. "आपल्या गल्लीतल्या टेलरचं काय झालं? गाठ कापली, अन् सहा महिन्यांत गेला."

"भानामतीला कधी भेले न्हाईत," आई भाकरी थापत म्हणाली, "अन् एवढ्याशा तुकड्याला भिऊन राहिले."

"तू गप बस."

"मी बसते गप. गाव बसंल का?"

तोंडी समजावून उपयोग नव्हता. बाबांचा विश्वास कागदावर. म्हणून मी पत्रक लिहिलं. त्यांच्या दोन अटी मला पाठ होत्या: सुरुवातीला प्रश्न, शेवटी वाचकाला काम.

मी लिहिलं: दाढी करताना कापलं, तर ती जखम भरते कशी? तिच्या कडेच्या पेशी एकीच्या दोन होत जातात. जखम भरली की थांबतात. शरीर टिकतं ते या थांबण्यावर. विभागण्याआधी पेशी आपल्या आतल्या मजकुराची, म्हणजे डीएनएची, नक्कल करते आणि ती तपासते. चूक सापडली तर दुरुस्त करते. दुरुस्त झाली नाही, तर बहुधा स्वतः मरते. तंबाखू वर्षानुवर्षं तो मजकूर नासवत राहते. कधीतरी थांबवणारी यंत्रणाच बिघडते. मग ती पेशी थांबत नाही आणि तिच्यापासून झालेल्याही थांबत नाहीत. तुकडा काढल्यानं हे सुरू होत नाही; ते आधीच सुरू असतं. टेलरकाका दवाखान्यात गेले तेव्हा फार उशीर झाला होता. मागून घडलं म्हणजे त्यामुळे घडलं, असं नसतं.

बाबांनी चष्मा लावला आणि सवयीनं पेन्सिल घेतली.

"म्हणजे प्रूफ बघणारा गेला, अन् मशीन चालूच?"

"हाव."

"मग तसं लिही की. पोरांच्या परीक्षेवानी काय लिहिलंस?"

टेलरकाकांच्या ओळीखाली पेन्सिल थांबली. "हे मागून घडल्याचं वाक्य माझं हाय."

"तुमचंच. दगडांच्या पत्रकातलं."

बाबांची पेन्सिल पुढे सरकली. सगळ्यात शेवटी मी 'काळजी घ्या' लिहिलं होतं. ते त्यांनी खोडलं.

"काळजी घ्या म्हंजे काय करा? माणसाला काम सांगावं, पोरी."

"काय सांगू?"

"नांदेडची सकाळची गाडी कधी हाय, ते बघून सांग."

तुकडा काढला. कॅन्सर होता, पण फार खोल गेला नव्हता. ऑपरेशन झालं. आता बाबांचं बोलणं अस्पष्ट येतं. आई प्रत्येक गोष्ट दोनदा वदवून घेते आणि वर म्हणते, "आता कसं, माझंच चालतंय." तंबाखू सुटली. पत्रक पुढे सगळ्यांसाठी छापलं, बाबांनी सुधारलेलं.

म्हणून तुम्हालाही काम सांगते. उद्या सकाळी घरातल्या तंबाखू खाणाऱ्या माणसाला उन्हात बसवा. गाल बाजूला सारून आत पाहा, जीभ उचलायला लावून खाली पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर त्याला दवाखान्यात न्या. आणि डॉक्टर तुकडा काढू म्हणाले, तर त्याला खुर्चीतून उठू देऊ नका.