तळ्यातला राक्षस आणि पारूवहिनी

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे लिहितोय, कारण मघापासून जिवाला चैन नाही.

आज तंबूतल्या सिनेमात विलायतेच्या एका तळ्यातला राक्षस दाखवला. पाण्यावर काळं कुबड हललं आणि आम्ही ‘वन्स मोअर’चा गलका केला. खेळवाल्याने ते पुन्हा दाखवलं.

तेव्हा माझ्या शेजारच्या पारूवहिनी उभ्या राहिल्या. “राक्षस कसला? पालथी होडी हाय ती!”

सगळे हसले. मीही हसलो.

मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याची होडी भाट्याच्या खाडीसमोर उलटली, तेव्हा त्या दिवसभर किनाऱ्यावरून तिच्याकडेच बघत उभ्या होत्या.

वहिनी पडद्याकडे बघत हळूच म्हणाल्या, “तिच्यातली माणसं कुठं गेली, इचारा कुणीतरी.”

मी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत?