बांधाचं तोंड

"मी बांधलंय ते तोंड, अन् मीच सोडीन तवा सुटंल!" नंदाबाईंनी परात आपटली.

"अगं आई, काकाचं भात पिवळं पडलंय," समीक्षा म्हणाली. "काकू काल रडत होती."

"रडू दे. मी रडत हुते तवा कोण आलतं?"

ओंकार आईच्या बाजूने होता. "आपल्यालाच पाणी पुरंना. त्याला कशाला सोडायचं?"

"उगा खोटं बोलू नको, दादा. आपलं खाचर काठोकाठ भरलंय."

ते खरं होतं. पावसाने दडी मारली होती, तरी झऱ्याचं पाणी आधी नंदाबाईंच्या खाचरात यायचं आणि बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात, दीर हौशीरामच्या भाताला जायचं. सासऱ्यांच्या आधीपासून तसंच चालत आलेलं. भांडणं झाली, बोलणं तुटलं, तरी ते तोंड कुणी बांधलं नव्हतं. या वर्षी नंदाबाईंनी चिखल, दगड घालून ते बुजवलं.

गेल्या वर्षी नवऱ्याच्या छातीत कळ आली तेव्हा हौशीरामची पर्यटकांना फिरवायची जीप अंगणात उभी होती. "भुशी धरणाची पार्टी खोळंबलीय, वहिनी. सोडून लगेच येतो," म्हणाला आणि गेला. ओंकारने बापाला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागून नंदाबाईंनी धरलं. लोणावळ्याच्या अलीकडेच त्यांच्या हातात ते अंग जड झालं. त्यानंतरही नंदाबाई भुशी धरणावर कणसं भाजून विकत राहिल्या. हौशीरामची जीप समोरून गेली की निखाऱ्यावर जोरात वारा घालायच्या.

समीक्षा लोणावळ्यात हॉटेलात कामाला. सुट्टीला घरी आली की कॉम्प्युटरवर गेम खेळायची. त्यात तिच्यासोबत एक धनुष्यवाली पोरगी हिंडायची. आपल्या भावाला जाळणाऱ्याला ती पोरगी शोधत होती. बोलणं इंग्रजीत, पण समीक्षा सांगायची आणि नंदाबाई भाजी निवडता निवडता ऐकायच्या. त्या पोरीने नीट खाल्लं का, हेही विचारायच्या.

मागच्या सुट्टीला तो माणूस सापडला. पोरीने समीक्षाला विचारलं, काय करू?

"विचारती काय? मार म्हणावं!" नंदाबाईच ओरडल्या होत्या.

मारला. नंतर ती पोरगी शेकोटीपासून लांब जाऊन बसली. समीक्षा गेममध्ये कितीदा तिच्याजवळ गेली, तरी ती एकच वाक्य म्हणायची.

"काय म्हनती?"

"आता कुठं जाऊ, म्हणते."

नंदाबाईंना ते आवडलं नाही. "मागं जाता येतं ना? जा की."

समीक्षा गेममध्ये मागे, पोरीच्या त्या प्रश्नापाशी गेली आणि या वेळी त्याला सोडून द्यायला सांगितलं. तर पोरगी खवळलीच. तुझा भाऊ जळाला नाही म्हणून तुला सुचतं, असं काहीतरी बोलली आणि सोबत सोडून चालती झाली.

"म्हंजे दोन्हीकडनं वंगाळच," नंदाबाई म्हणाल्या होत्या.

"व्हय. पण आई, दुसऱ्या वेळी ती कुठंतरी गेली तरी."

हे नंदाबाईंच्या डोक्यातून जाईना. तोंड बांधल्यापासून त्या स्वतः कुठेच गेल्या नव्हत्या. कणसांची टोपली तशीच पडली होती. उजाडलं की बांधावर. चिखल घट्ट आहे का बघायचं, हौशीरामचं भात किती पिवळं झालं बघायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. काल तर सुकलेल्या रोपाकडे बघून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

"आई, काका चुकला," समीक्षा आता हळू बोलत होती. "मी काय तो चांगला आहे म्हणते का?"

"मग बोलू नकोस!" ओंकार म्हणाला. "आबा गेले माझ्या पाठीवर. तुझ्या न्हाई."

ओंकारने आईकडे बघितलं. ती आपल्यालाच दुजोरा देईल म्हणून.

नंदाबाईंनी परात उचलून जागेवर ठेवली.

"उद्या सकाळी मी तोंड सोडनार हाय. त्याच्या दारात मी जायची न्हाई, अन् त्यानं माझ्या दारात यायचं न्हाई. ओंकार, खोरं काढून ठेव."