मानेखालचा तळवा

महापालिकेच्या अग्निशमन दलात माझी मुलगी प्रशिक्षण घेतेय. बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेऊन जिना उतरायची उद्या तिची परीक्षा, म्हणून सरावाला तिनं मलाच धरलं. तिनं उचललं की माझा हात आपोआप कठड्याकडे जायचा.

“बाबा, अंग सैल सोडा. बेशुद्ध माणूस कठडा धरतो का?”

“अगं, पडेन ना मी!”

“पडलात तर मी नापास. मग तुम्ही खूश.”

थट्टाच होती, पण ती नापास व्हावी, आगीपासून लांब राहावी, असं मला रोज वाटायचं. बोललो मात्र कधीच नव्हतो.

मी कठडा सोडला.

खाली मला जमिनीवर निजवताना तिचा तळवा आधी माझ्या मानेखाली आला. तान्ही असताना, ती मान धरेपर्यंत, मी तिला असंच निजवायचो. पुढे कधीतरी, खऱ्या आगीत, कुणा अनोळखी माणसाचं डोकं या तळव्यावर टेकेल. त्याचीही घरी कुणीतरी वाट बघत असेल. माझ्या भीतीत तो माणूस कधी आलाच नव्हता.

“तू नापास व्हावंस असं वाटायचं मला,” पडल्यापडल्या मी म्हणालो.

“माहितेय,” ती म्हणाली. हात तिनं काढला नाही.

“चल वर. अजून एकदा उचल.”