मयूरीच्या लेथचा नारळ

आज दसऱ्याच्या सकाळी आम्ही नवरा-बायको नवीन कपडे घालून सिल्वासाजवळच्या रांध्याच्या एका कंपनीत गेलो... लेथ मशीन बघायला. आमची मयूरी तिथे अप्रेंटिस आहे आणि मशीनपूजेला घरच्यांनाही बोलावलं होतं.

माझे मिस्टर जवळच खडोलीच्या कंपनीत मशीन चालवतात. धुळ्याहून सिल्वासाला आल्यापासून दर खंडेनवमीला त्यांच्या मशीनचा नारळ तेच फोडतात. त्यांच्याकडे काय आणि रांध्याच्या या कंपनीत काय, पद्धत एकच... जो मशीन चालवतो, त्यानंच तिच्यापुढे नारळ फोडायचा.

मयूरीनं आयटीआयला टर्नरचा, म्हणजे लेथवर लोखंड कातायचा, ट्रेड घेतला तेव्हा चाळीतल्या बायकांनी मला बरंच ऐकवलं. पोरीला कशाला लोखंडाजवळ पाठवता, पार्लरचा कोर्स करू द्या... मी म्हटलं, पार्लर तुमच्या पोरींना लखलाभ. माझी पोर बापाच्या ड्रेसला येणारा ऑइलचा वास घेत मोठी झालीय.

आयटीआय सरकारी होतं म्हणून आम्हाला झेपलं. पुढे सरकारच्याच अप्रेंटिस योजनेतून ही कंपनी मिळाली, स्टायपेंडमध्ये थोडा वाटाही सरकारचा. पण कंपनीनं सुरुवातीला तिला पॅकिंगलाच बसवलं... लेडीज आहे, खोकी भरू दे.

ती घरी येऊन गुपचूप जेवायची आणि माझं डोकं फिरायचं. खोकी भरायला टर्नर कशाला व्हावं लागतं? मग एकदा आयटीआयच्या मॅडम अप्रेंटिसची पाहणी करायला आल्या. टर्नरची मुलगी पॅकिंगला कशी, एवढंच त्यांनी विचारलं... आणि थोड्याच दिवसांत मयूरी लेथवर उभी राहिली.

आता तिची अप्रेंटिसशिप संपत आलीय. ज्यांचा हात मशीनवर बसलाय त्यांनाच कंपनी ठेवून घेणार, असं सगळे म्हणतात. त्यामुळे आजचा नारळ तिलाच देतात ना, याची मला कालपासून धाकधूक होती.

शेडमध्ये गेलो तर सगळ्या मशीन धुऊनपुसून लख्ख, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. एकेक जण आपापल्या मशीनपुढे नारळ फोडत होता. होता होता मयूरीच्या लेथचा नंबर आला.

तिथले सुपरवायझर पाटीलभाऊ आमच्याच बाजूचे, जळगावचे. चांगला माणूस. त्यांनी ताटातला नारळ उचलला आणि तो मयूरीला न देता माझ्या मिस्टरांच्या हातात ठेवला. "दादा, तुम्ही फोडा. बाईमाणसानं नारळ फोडलेला आपल्यात चालत नाही."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी स्वतः जन्मात कधी नारळ फोडलेला नाही. घरात पुरुषमाणूस नसलं तर शेजाऱ्यांना हाक मारते...

मयूरी पुसलेली मशीन पुन्हा पुसत राहिली. मला मात्र कळत होतं... आज नारळ बापानं फोडला, की उद्यापासून ती लेथवाली नाही, कुणाची तरी मुलगी. आणि कुणाच्या तरी मुलीला परत पॅकिंगला पाठवायला कितीसा वेळ लागतो?

मिस्टरांनी नारळ हातात फिरवला. मशीनकडे बघितलं, मग मयूरीकडे. यांना भरून आलं की अहिराणी बाहेर येते, तशी ती आली. "माझी मशीन खडोलीले शे, भाऊ. तिचा नारळ मी काल फोडला. ही मशीन पोरनी शे."

मशीन पोरीची आहे, एवढं बोलून त्यांनी नारळ मयूरीला दिला आणि हात मागे बांधून उभे राहिले. माझा नवरा कधी कुणाशी वाद घालत नाही. आजही घातला नाही. पण मला त्याचा इतका अभिमान वाटला, की काय सांगू...

पाटीलभाऊ हसून बाजूला झाले. मयूरीचा पहिला घाव फुकट गेला. शेजारच्या मशीनवरचा मुलगा म्हणाला, "जोरसे मार, मयूरी." दुसऱ्या घावाला नारळ फुटला आणि पाणी तिच्या सेफ्टी शूजवर सांडलं. सगळ्या शेडनं टाळ्या वाजवल्या... मी नुसती पदर तोंडाला लावून उभी.

कंपनी तिला ठेवून घेईल की नाही, ते अजून कळायचंय. पण प्रसाद वाटताना पाटीलभाऊच सगळ्यांना सांगत होते, घ्या, हा मयूरीच्या मशीनचा.

आयटीआयच्या मॅडम हे वाचतील की नाही, माहीत नाही. मॅडम, तुम्ही त्या दिवशी विचारलंत म्हणून आज ही मशीन तिची होती... तुमचे उपकार आहेत आमच्यावर.

घरी आलो तर देव्हाऱ्यापुढे आमचा घरचा नारळ वाट बघत होता. दर दसऱ्याला मी तो यांच्या हातात देते. आज हे समोरच बसले होते... तरी मी मयूरी हातपाय धुऊन येईपर्यंत थांबले.