उर्सेच्या टोलनाक्यावरून टुकुयूला

उर्सेच्या टोलनाक्याच्या अलीकडे अब्बांनी स्कूटर उभी केली तेव्हा ऊन ऐन डोक्यावर आलं होतं. मुंबईकडे जाणाऱ्या बस तिथं क्षणभर थांबतात, हात करणाऱ्याला घेतात आणि निघतात. मला विमानतळ गाठायचा होता. तिथून नैरोबी, आणि पुढं मिळेल त्या बसनं दक्षिणेला : केनिया, टांझानिया, मलावी, झांबिया. तीन महिने फिरून परत येईन, असं मी घरात सांगितलं होतं.

अम्मी नाक्यावर आली नव्हती. इंदुरीच्या घरून निघताना ती ओट्यावर गहू निवडत बसली होती. मी सलाम करायला वाकले तर मान वर न करता एवढंच म्हणाली, "घरात पाय ठरत न्हाई तुजा."

अब्बांचं तळेगावात रिक्षांचे हूड आणि गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान. निरोपाला काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी माझी सॅक हातात घेतली, पट्टे ओढून पाहिले आणि एका शिवणीवर अंगठा फिरवला. ही जागा उसवणार, पण वरच्या कप्प्यात दाभण आणि जाड दोरा टाकलाय, असं म्हणाले. तेवढ्यात बस आली. खिडकीतून मागं वळून पाहिलं तेव्हा ते स्कूटरला किक मारत होते आणि ती चालू होत नव्हती.

तेव्हा मी तिशी ओलांडली होती. लोणावळ्यातल्या एका हॉटेलात कित्येक वर्षं रिसेप्शनवर होते. शनिवारी माणसं यायची, चाव्या घ्यायची, धुक्याचे फोटो काढायची आणि सोमवारी चाव्या ठेवून जायची. कुरवंड्याला कसं जायचं, गाडी कुठवर जाते, नागफणीचा चढ कुठून सुरू होतो, हे मी इतक्या जणांना सांगितलं की झोपेतही सांगितलं असतं. स्वतः मात्र एकदाच वर गेले होते. घरी स्थळं यायची. काही मी नाकारली, काहींनी मला. लग्न झालं की हिची चुळबूळ थांबेल असं अम्मीला वाटायचं. मला ती थांबवायची नव्हती, तिला कुठंतरी वाट करून द्यायची होती. तुमच्यापैकी जे गावात राहिले त्यांना हे कदाचित माजल्यासारखं वाटेल. जे निघाले त्यांना वेगळं सांगायला नको.

आफ्रिकाच का, असं सगळ्यांनी विचारलं. हॉटेलात उतरलेल्या एका कुटुंबानं दार-ए-सलामच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि तिकडं बसनं एका देशातून दुसऱ्यात जाता येतं, तेही स्वस्तात, एवढं मला कळलं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडं नव्हतं.

नैरोबीहून निघाले ती शेवटच्या रांगेत बसून. तिथं धक्के फार बसतात, म्हणून ती जागा सगळ्यात शेवटी भरते. सीटचं रेक्झिन फाटून स्पंज बाहेर आलेला होता. अब्बांनी पाहिलं असतं तर गाडी थांबवली असती. नामंगाच्या सीमेवर सगळे उतरले, पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड दाखवून चालत पलीकडे गेले आणि तीच बस पुढं येऊन थांबली, तिच्यात परत बसले. मी दोनदा मागं वळून पाहिलं. देश बदलला होता आणि रस्ता तोच होता.

टांझानियात गाव आलं की खिडक्यांशी उकडलेली अंडी, सोललेली संत्री आणि भाजलेल्या शेंगदाण्यांच्या पुड्या वर यायच्या. चहाला चाय, चपातीला चपाती, दुकानाला दुका, साबणाला सबुनी. मी मान डोलावत ऐकायचे. रानात गाडी थांबायची तेव्हा कंडक्टर ओरडायचा की चला, दवा खणायला उतरा. पहिल्यांदा मी खरोखर कुणी झाडपाला काढतंय का ते शोधत राहिले. मग बायका एका झुडपामागं आणि पुरुष दुसऱ्या बाजूला गेले, तेव्हा कळलं की लघवीला जायचं हे तिकडचं सभ्य नाव.

एखाद्या गावात दोन दिवस राहिले की तिसऱ्या दिवशी माझं लक्ष बसस्टँडकडं जायचं. चांगली खोली मिळो, चांगली माणसं मिळोत, फरक पडायचा नाही. अरुशा सोडलं, डोडोमा सोडलं, इरिंगा सोडलं. पुढच्या गावाचं नाव पाटीवर दिसलं की बरं वाटायचं, आणि ते गाव आलं की पुन्हा तेच. पळतेय कशापासून, असं मी स्वतःला कधी विचारलं नाही. पळताना बरं वाटत होतं.

म्बेयाहून मलावीच्या सीमेकडं जाणाऱ्या मिनीबसमध्ये मला हुडहुडी भरली. शेजारी एक जाडजूड बाई मांडीवर कापडाचा गठ्ठा घेऊन बसली होती. माझे दात वाजायला लागले तसा तिनं गठ्ठा सोडला, त्यातलं एक कापड काढून माझ्या अंगावर टाकलं आणि कपाळाला हात लावला. मग ड्रायव्हरला काहीतरी दरडावून सांगितलं. वाटेत डोंगरावरच्या टुकुयू नावाच्या गावात तिनं मला दंडाला धरून उतरवलं, माझी सॅक स्वतःच्या पाठीला लावली आणि सरळ दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला. बाईचं नाव आग्नेस. तिचं बसस्टँडजवळ पाच-सहा खोल्यांचं गेस्टहाउस होतं. त्यातल्या एका खोलीत मी ताप उतरेपर्यंत पडून राहिले. ती दिवसातून कितीतरी वेळा डोकवायची आणि "पोले" म्हणायची. म्हणजे तुला त्रास होतोय याचं मला वाईट वाटतं. पडलेल्याला पोले, दमलेल्याला पोले. प्रवासातून आलेल्यालाही म्हणतात, पोले ना सफारी. गाव सोडून हिंडणाऱ्या माणसाची कुणाला कीव यावी, हे मला तेव्हा जरा लागलं.

तापात मी घरी फोन करून सांगितलं की काळजी करू नका, मी मामा आग्नेसकडं आहे. तिकडं आईला, वडीलधाऱ्या बाईला मामा म्हणतात, हे सांगायचं राहिलं. फोन अम्मीनं घेतला होता. ती म्हणाली, "ह्यो कोन मामा? कुनाच्या घरात ऱ्हातीस तू?" मी समजावेपर्यंत नेटवर्क गेलं. दुसऱ्या दिवशी मी आग्नेसला फोनच्या कॅमेऱ्यासमोर उभं केलं. तिनं डोक्याचा रुमाल नीट केला आणि हात हलवला. अब्बा हसले. अम्मीनं तिच्याकडं नुसतं पाहून घेतलं, पण त्या दिवशी तिला झोप लागली असं अब्बांनी नंतर सांगितलं.

टुकुयू मला आवडलं नाही. सतत पाऊस, उतारावर चहाचे मळे, केळीची बनं आणि सकाळी खिडकीला टेकलेलं धुकं. धुक्याला कंटाळून लोणावळा सोडला आणि एवढ्या लांब येऊन पुन्हा धुक्यातच, असं वाटायचं. अंगात बळ आल्याबरोबर मी निघाले. आग्नेसनं अडवलं नाही. परत कधी येणार एवढंच विचारलं. मी म्हणाले, बघू.

मलावीत दिवसभर डाव्या हाताला तळं होतं, संपतच नव्हतं. अब्बांनी अंगठा फिरवला होता तीच शिवण मझुझूच्या स्टँडवर उसवली. मी फुटपाथवर बसून दाभणानं ती शिवली. झांबियात तो प्रसिद्ध धबधबा पाहिला. चिंब भिजले, फोटो काढले, आणि आता पुढं काय, हा विचार तिथंच डोक्यात आला. परतीचं विमान लुसाकाहून होतं. मी तिथल्या बसस्टँडवर चहा पीत होते. समोर उत्तरेला जाणाऱ्या गाडीचा माणूस गावांची नावं ओरडत होता. टुंडुमा, म्बेया. मी उठले आणि त्याच्याकडून तिकीट घेतलं. असं का केलं ते आजही मला धड सांगता येत नाही. इतक्या ठिकाणांहून मी निघाले होते, पण परत कधी येणार हे तेवढ्या एकाच ठिकाणी कुणी विचारलं होतं.

आग्नेसनं दारातच माझ्या हातातली सॅक घेतली आणि म्हणाली, "पोले ना सफारी." या वेळी ते लागलं नाही.

घरी सांगितलं की अजून थोडे दिवस. अब्बांनी फक्त जेवलीस का विचारलं. ते थोडे दिवस वाढत गेले. आग्नेसला तळ्याकडं जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांशी बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि मी कागदपत्रांच्या चकरा मारून तिथं राहायची सोय केली. म्हणजे काय, तर पुन्हा काउंटर, पुन्हा चाव्या, पुन्हा डोंगरावर कसं जायचं ते सांगणं. मला हसू यायचं. फरक एवढाच की इथं वाटेल तेव्हा बसमध्ये बसून चार दिवस कुठंही जाता यायचं. मी जायचे. आल्यावर आग्नेस सॅक घ्यायची.

मग आसिफचा, माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. अब्बांना दुकानातच अर्धांगाचा झटका आला होता.

मी पोचले तेव्हा ते घरी होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जिभेला जडपणा. आसिफ चाकणला कंपनीत शिफ्ट करायचा, त्यामुळं दुकान बंद होतं. मी अब्बांना अंघोळ घालायचे, हाताचा व्यायाम करून घ्यायचे, संध्याकाळी इंद्रायणीच्या काठानं गावातल्या किल्ल्याच्या दरवाजापर्यंत चालवून आणायचे. वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, कवा आलीस, आणि लगेच, कवा जानार. दोन्ही प्रश्न एका दमात. अम्मी माझ्या वतीनं सांगायची, "न्हाई जायची आता."

मी जाणार नाही असंच ठरवलं होतं. लोणावळ्याच्या हॉटेलात जाऊन नोकरीचं बोलूनही आले. पण संध्याकाळी भांडी घासून झाली की मी अंगणात येरझाऱ्या घालायचे. हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत येत नाही, मला मात्र यायचा. कुणी काही विचारलं तर हो-नाहीत उत्तर द्यायचे. हे कुणाच्या लक्षात येत नसेल असं मला वाटत होतं.

पावसाळा सरत आला तेव्हा अब्बा काठी घेऊन एकटे चालायला लागले होते. एका सकाळी मी त्यांचा हात तेल लावून चोळत होते. ते सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलले.

"हितं तू गप असतीस. तितनं फोनवर लय बोलतीस. कोन बाई भेटली, कुटं गाडी बंद पडली, समदं सांगतीस. मला ती बोलनारी रेहाना पायजे. ही नको."

मी म्हणाले, अब्बा, तुमच्याजवळ कोण राहणार?

"तुजी आई हाय. आसिफ हाय. मी काय एकटा न्हाई. तू जा."

अम्मी चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि करपली, तरी ती तशीच बसून होती. या वेळी ती गहू निवडत नव्हती की दुसरं काही करत नव्हती. मी टुकुयूला निघाले तेव्हा आतल्या खोलीत होती, बाहेर आलीच नाही.

त्यानंतर कित्येक महिने ती फोनवर आली नाही. अब्बा बोलायचे. मागून तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा, म्हणजे ती तिथंच असायची. मी मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, तिला ऐकू जावं म्हणून. तिच्यासारखी भाकरी इथल्या मक्याच्या पिठाची होत नाही, हे मी अब्बांना किती वेळा सांगितलं असेल. त्यांना भाकरीशी काही घेणं नव्हतं. ते नुसतं हूं म्हणायचे.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी फोन लावला तर समोर अम्मी. इकडचं तिकडचं काही नाही. म्हणाली, "तुजी खोली दाव."

मी फोन घेऊन खोलीभर फिरले. कॉट दाखवली, स्टोव्ह दाखवला, दोरीवरचे कपडे, खिडकी, खिडकीबाहेरची केळी. ती डोळे बारीक करून बघत होती. कोपऱ्यात सॅक भिंतीला टेकून उभी होती. इतकं राहूनही माझे अर्धे कपडे तिच्यातच असायचे. ते तिला दिसलं असणार. पण ती खिडकीकडंच बघत राहिली.

"पडदा न्हाई व्हय तुज्या खिडकीला?"

नाही, मी म्हणाले. लागत नाही.

"कसा लागत न्हाई? बाई मानूस ऱ्हातं तितं. पडदा लाव." आणि फोन अब्बांकडं दिला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले. आग्नेस बरोबर आली आणि रंगावरून दुकानदाराशी वाद घालून तिनं पिवळ्या फुलांचं कापड घ्यायला लावलं. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं ते शिवून दिलं. सुतारानं लाकडी दांडी बसवली. घर सोडल्यापासून मी जे काही घेतलं ते सॅकमध्ये मावेल का, हे बघूनच घेतलं होतं. ती दांडी कुठल्याच सॅकमध्ये मावणार नव्हती. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा सुतार स्क्रू घट्ट करत होता. क्षणभर वाटलं, काढ म्हणावं. म्हटलं नाही.

चुळबूळ गेलेली नाही. स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला की मी आजही मान वळवून बघते, आणि परवाच तळ्यापलीकडच्या रस्त्याची चौकशी करून आले. इंदुरीला गेले की टुकुयूची आठवण येते, इथं असले की इंदुरीची. हे बरं होणारं दुखणं नव्हे, आणि आता ते बरं व्हावं अशी घाईही मला नाही. पूर्वी घर म्हणजे जिथून बाहेर पडायचं ती जागा होती. आता जिथं कुणी माझ्या खिडकीची काळजी करतं, मग ते उंबऱ्यावरून असो की सात समुद्रांपलीकडून, ती जागा मला घर वाटते.

पुढच्या शुक्रवारी अम्मीनंच फोन लावला. मी पडदा दाखवला, ओढून, सोडून, परत ओढून. तिनं बराच वेळ पाहिलं. मी उभ्या उभ्याच आणखी काही दाखवायला निघाले, तेव्हा म्हणाली, "रंग बरा हाय. आता बस जरा."

मी कॉटवर बसले.