ओळखलंस तर तुझं

१२ ऑक्टोबर, शनिवार. आजचं काम: काकूंच्या स्वयंपाकघरातले ड्रॉवर आणि कपाटं रिकामी करणं. तीन खोकी आणली आहेत. एक ग्लासगोला त्यांच्या मुलाकडे जाईल, एक चॅरिटी शॉपला, तिसरं रीसायकलिंगला. दुपारपर्यंत उरकेल असं मी धरलं होतं. पण पहिल्याच ड्रॉवरपाशी अकरा वाजले, कारण हातात येणाऱ्या निम्म्या वस्तू कशासाठी आहेत हेच मला कळेना.

“हे कशासाठी केलंय, सांग बघू?”

काकूंच्या घरी पाऊल टाकलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न ऐकलेला आहे. वस्तू तळहातावर ठेवून त्या समोरच्याच्या नाकाखाली धरत आणि जवळचा चष्मा कपाळावर सरकवत, म्हणजे समोरच्याचा चेहरा नीट दिसावा. वस्तू त्यांची बघून झालेली असे. नियम दोनच. फोनवर शोधायचं नाही, आणि “ओळखलंस तर तुझं.” आमच्या पोस्टमनने केळं कापायची तार जिंकली होती. माझा नवरा आठ वर्षांत एकदाही जिंकला नाही, तरी दर वेळी खेळायचा. मी मात्र खेळत नसे. मला वेळ नसायचा.

वॉटफर्डच्या आमच्या रस्त्यावर काकू दोन घरं सोडून राहायच्या. तरुणपणी नवऱ्याबरोबर पुण्याहून आल्या आणि तीस वर्षं एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरला उभ्या राहिल्या. कुठला स्क्रू कुठल्या खोक्यात आहे ते मालकालाही त्यांनाच विचारावं लागे. दुकान बंद झालं, नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी ग्लासगोला गेला, तरी वस्तूंवरचा त्यांचा जीव कमी झाला नाही. शनिवारी इतर बायका कपडे बघायच्या, काकू सुपरमार्केटच्या मधल्या रांगेत डब्यांची झाकणं उघडून लावून बघत. एखादी वस्तू आवडली की म्हणत, “हे करणाऱ्याने आधी कुणालातरी बघितलंय.” याहून मोठं कौतुक त्यांच्याजवळ नव्हतं. वस्तू नाही आवडली की, “ह्याने ऑफिसात बसून केलंय.”

तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल. आपण त्यांना छंदिष्ट म्हणून सोडून देतो. मीही तेच केलं होतं.

मग तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात काकूंना स्ट्रोक आला. सौम्य होता. बोलणं आठवड्यात सुधारलं, चालायला काठी पुरली, पण उजव्या हाताची पकड परत आली नाही. मुलाचा मला फोन आला. तो इथेच वाढलेला, मराठी प्रेमाने बोलतो आणि वाटेल तशी बोलतो.

“ताई, मम्मी एकटा कसा मॅनेज करणार? इथे रूम रेडी आहे. तुम्ही सांगा ना तिला.”

मी सांगितलं. काकू म्हणाल्या, “त्याची बायको फार चांगली आहे गं. मला गॅसपाशी उभं राहू देणार नाही, इतकी चांगली आहे.”

जानेवारीत कौन्सिलची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आली. आजारातून उठलेलं माणूस घरात एकटं वावरू शकतं का, ते बघून रिपोर्ट लिहिणारी ही बाई. वयाने लहान, हसतमुख, हातात टॅबलेट. मी कोपऱ्यात बसले होते. ती म्हणाली, “मला फक्त एक कप चहा करून दाखवा. नेहमी करता तसा.”

काकू स्वतःसाठी नेहमी किटली लावत आणि मगमध्ये टी-बॅग टाकत. तेवढंच करायचं होतं. पण त्यांनी पातेलं काढलं. आलं काढलं. एका हाताने किसायला गेल्या तर किसणी निसटून फरशीवर. दूध डाव्या हाताने ओतलं ते अर्धं ओट्यावर. ते पुसेपर्यंत चहा उतू जाऊन बर्नर विझला, आणि एवढं होऊनही त्या चिवड्याच्या डब्याचं झाकण दातांनी उघडायला लागल्या. ती बिचारी “प्लीज, देअर्स नो नीड” म्हणत उभी राहिली.

ती गेल्यावर मी चिडले. “अहो काकू, टी-बॅग टाकून द्यायची ना!”

“घरी आलेल्या बाईला?”

“ती पाहुणी नव्हती. परीक्षा घ्यायला आली होती.”

“हो, पण आली तर माझ्या घरी ना?”

रिपोर्टमध्ये लिहून आलं की स्वयंपाकघरात एकटं राहणं सुरक्षित नाही. मे महिन्यात पुन्हा बघू. मुलाने तिकीट काढायची भाषा सुरू केली. काकूंनी त्याला फोनवर सांगितलं, ते मी ऐकलं: “मे महिन्यात नाही जमलं तर येते तुझ्याकडे. शब्द देते. पण त्याआधी मला जपान बघायचंय.”

“मम्मी, या हाताने?”

“या हातासाठीच.”

दुकानात शेवटच्या काही वर्षांत जपानी कात्र्या आणि करवती येत. प्रत्येक उत्तम वस्तू उलटी करून बघितली की मागे जपानचं नाव, हे काकूंनी लक्षात ठेवलं होतं. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते, मला ईस्टरची दोन आठवडे सुट्टी होती, नवऱ्याला लांबचं विमान झेपत नाही, आणि मला क्योटो बघायचं होतं. म्हणून मी गेले. उपकार वगैरे काही नव्हते.

मी तासातासाचं वेळापत्रक केलं होतं. काकूंनी ते विमानातच डाव्या हाताने वाकड्यातिकड्या रेघा मारून छाटलं. “दिवसाला एकच. नाहीतर बघणं होत नाही, नुसती हजेरी लागते.”

पहिले दोन दिवस माझी चडफड झाली. चेरी फुलली होती, सगळं जग फुलांचे फोटो काढत होतं, आणि काकू बागेतल्या बाकावर बसून निळ्या ताडपत्र्यांवर जेवणाऱ्या लोकांचे बूट बघत होत्या. “सगळ्यांनी टाचा आत करून ठेवलेत बघ. उठलं की पाय घातला आणि निघाला.” क्योटोच्या एका देवळात वाळूवर रेघा ओढलेली बाग आहे. तिथे शांत बसायचं असतं. काकू शांतच बसल्या, पण तासाभराने म्हणाल्या, “या रेघा ओढायचा दाताळा कुठे ठेवत असतील?” मग तो सापडेपर्यंत आम्ही देवळाची मागची बाजू फिरलो. सापडला. फोटो आहे.

दुकानातला तयार भात-गोळा त्यांना फार आवडला. आत आंबट आलुबुखारा, अगदी लोणच्यासारखा, पण आवडलं ते त्याचं वेष्टण. त्यावर एक, दोन, तीन असे आकडे असतात, त्या क्रमाने ओढलं की गोळा न चुरडता उघडतो. काकूंनी दात आणि डावा हात लावून तो बरोबर उघडला आणि समोरच्या अनोळखी शाळकरी मुलींना दाखवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

एक दिवस आम्ही पोस्टात गेलो. मुलाला कार्ड पाठवायचं होतं. काउंटरच्या कडेला रबर लावलेली एक लहानशी खाच होती. काकूंनी आपली काठी तिथे टेकवली, ती पडली नाही. त्यांनी काठी उचलली, पुन्हा टेकवली. पुन्हा उचलली. मागे रांग लागली. आतल्या बाईने काळजीने काहीतरी विचारलं.

“काकू, चला.”

“तीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होते,” त्या म्हणाल्या. “म्हाताऱ्या माणसांच्या काठ्या धाडधाड पडायच्या. मी वाकून उचलून द्यायचे आणि स्वतःला फार चांगली समजायचे.”

टोकियोत फक्त स्वयंपाकघराच्या सामानाची एक अख्खी रस्ताभर बाजारपेठ आहे. तिथे आम्ही सलग तीन दिवस गेलो. माझा एक दिवस पायदुखीत गेला, त्यांचा नाही. एका लहानशा दुकानात त्यांना किसणी दिसली. चिनीमातीची, वजनदार बशीच, मधे काटे आणि बुडाला रबराचं कडं. काकूंनी डाव्या हाताने हवेतच आलं किसून बघितलं. दुकानदार वयस्कर होता. त्याने त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं, आत गेला, आल्याचा तुकडा घेऊन आला. मग आपला उजवा हात पाठीमागे नेला, कमरेवर ठेवला आणि डाव्या हाताने आलं किसून दाखवलं. बशी जागची हलली नाही. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

त्याच दुकानात लाकडी दांड्याचं, दोन्ही बाजूंना चोच असलेलं पातेलं मिळालं. कुठल्याही हाताने ओता. “मी आयुष्यभर उजव्या हाताची पातेली विकली,” काकू म्हणाल्या. “कुणी डावखुरं आलं की सांगायचे, सवय होईल.” पुढे झाकण फिरवायचा रबरी तुकडा, ओल्या हातातूनही न निसटणारी सुरी, ओट्याला घट्ट चिकटणारी चटई, असं काय काय घेतलं. प्रत्येक वस्तू त्यांनी आधी खिशात हात घालून, म्हणजे उजवा हात बाद करून, वापरून बघितली.

हॉटेलात सकाळी नाश्त्याला उकडलेली अंडी असत. काकू अंडं खात नसत. पण मी सोलत असले की त्या टक लावून बघत. मला धीर नसतो, कवचाबरोबर निम्मं अंडं निघून येतं. “अगं, त्या अंड्याने तुझं काय वाकडं केलंय?” रोज तेच. वॉटफर्डलाही कधी सकाळी माझ्याकडे डोकावल्या तर हेच ऐकायला मिळायचं.

शेवटच्या दिवशी मी स्टेशनवर विमानतळाच्या गाडीच्या तिकिटांसाठी रांगेत होते. काकू तळमजल्यावरच्या स्वस्त वस्तूंच्या दुकानात एकट्याच जाऊन आल्या. विमानात जेवणाच्या ट्रेवर त्यांनी एक पिवळी प्लास्टिकची गोल वस्तू ठेवली. पेढ्याएवढी, वरच्या बाजूला थोडी खोलगट, मागे लोहचुंबक.

“हे कशासाठी केलंय, सांग बघू?”

“पिना ठेवायला.”

“नाही.”

“टाचदुखीला मालिश.”

“नाही गं. घाई करतेस. आधी सगळीकडून बघ.”

मी डोळ्यांवर पट्टी बांधून झोपले.

मे महिन्यात तीच थेरपिस्ट आली. मी आधी बजावलं होतं: किटली, टी-बॅग, संपलं. काकूंनी मान हलवली होती. ती आत आली, काकूंनी पातेलं काढलं.

मी डोळे मिटून घेतले. मग ऐकू आला तो फक्त आलं किसल्याचा आवाज. काही पडलं नाही, तेव्हा डोळे उघडले. चहा वर आला, खाली गेला, डाव्या हाताने, डाव्या चोचीतून कपात पडला. चिवड्याचा डबा उघडला. ओट्यावर एक थेंबही नव्हता. काकूंच्या कपाळावर मात्र घाम होता, आणि थेरपिस्टचं बोट टॅबलेटवर चालू होतं.

थेरपिस्टने चहा संपवला. मग पातेल्याच्या काठावर चमचा धरून ठेवणारा लहानसा चिमटा उचलून बघू लागली. “व्हॉट्स धिस फॉर?”

“यू टेल मी,” काकू म्हणाल्या. “यू गेस, यू कीप.”

तिने पहिल्याच फटक्यात ओळखलं. पण तिला भेट घेता येत नव्हती. “गिफ्ट नाही, प्राइझ आहे,” काकूंनी पुष्कळ सांगितलं. शेवटी तिने चिमट्याचा, किसणीचा आणि पातेल्याचा फोटो काढला, तिच्या इतर पेशंटना दाखवायला. रिपोर्टमध्ये लिहून आलं, एकट्या राहू शकतात. मुलाने मला फोन केला. “ताई, मम्मी जिंकला.”

त्यानंतर दोन वर्षं आणि चार महिने काकू आपल्याच घरी राहिल्या, आपल्याच गॅसपाशी. गेल्या महिन्यात न्यूमोनिया झाला आणि पाच दिवसांत गेल्या. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी त्या पलंगाची वरखाली करायची कळ बघत होत्या. “ह्याने ऑफिसात बसून केलंय,” मला म्हणाल्या. कळ खरंच हात पोचत नाही अशा जागी होती.

दुपारी तीन वाजता शेवटचं कपाट झालं. किसणी आणि पातेलं मुलाच्या खोक्यात घातलं. फ्रिजचं दार पुसताना ती पिवळी गोल वस्तू दिसली. विमानातून उतरल्यापासून ती तिथेच चिकटलेली होती. मी गेले की काकू तिच्याकडे बोट दाखवत, मी “नंतर” म्हणत असे. ती कुठल्या खोक्यात घालायची ते ठरेना, म्हणून कोटाच्या खिशात टाकली.

१३ ऑक्टोबर, रविवार. सकाळी अंड्यासाठी पाणी ठेवलं आणि उकळी यायची वाट बघत ती वस्तू घेऊन उभी राहिले. सगळीकडून बघितली. कडेला एक बारीक कळ होती, नखाने सरकणारी. सरकवली. मग खोलगट भागावर अंगठा दाबला आणि सुई टोचली. रक्ताचा थेंब आला.

खोलगटपणा अंड्याच्या बुडाएवढाच होता. अंडं त्यावर ठेवून दाबलं, टक् असा आवाज झाला, बुडाला दिसेल न दिसेल असं भोक पडलं. अंडं पाण्यात सोडलं. दहा मिनिटांनी गार पाण्याखाली धरलं, तर कवच दोन तुकड्यांत सुटून आलं. अंडं गुळगुळीत, एक ओरखडा नाही. अंगठ्याला चिकटपट्टी होती, म्हणून एकाच हाताने सोललं होतं.

खाऊन झाल्यावर कळ परत बंद केली आणि ती पिवळी वस्तू माझ्या फ्रिजला लावली.