दोरीऐवजी कडी

धक्क्यावर माझ्या लेकीला सगळे गाठवाली म्हणतात. शिडाच्या नौकांच्या पुढच्या टोकावर नांगर बसवणं हे तिचं काम. नांगर रोलरवर ओढून घ्यायचा, पिन घालायची, वरून दोरीने आवळायचा. लाटांच्या दणक्यांनी तो बोटभर जरी हलला तरी नौकेचंच थोबाड फोडतो. मी डबा द्यायला जाते तेव्हा हे सगळं तीच दाखवते.

एका बाबतीत मात्र ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. नांगराच्या साखळीचं आतलं टोक नौकेला बांधायचं ते दोरीनेच. "अडचणीत सुरीने कापता आलं पाहिजे, आई. नांगर दुसरा मिळतो."

गेल्या रविवारी दातांच्या एका डॉक्टरांच्या नौकेची चाचणी होती. त्यांनी परस्पर दोरी काढून पोलादी कडी घातली होती आणि तिचा स्क्रू पकडीने करकचून आवळला होता.

"काका, हे काय केलंत?"

"अगं, एवढा नांगर दोरीच्या भरवशावर? मी दात दोऱ्याने बांधतो का?"

"दोऱ्याने बांधलेला निदान निघतो तरी!"

कडी काही सुटेना. "उद्या कापून काढते," म्हणत ती तशीच त्यांच्याबरोबर गेली. मी अडवायला हवं होतं. पण चोवीस वर्षांच्या मुलीला अडवणार कसं?

धक्क्यासमोरच्या खडकांपाशी त्यांनी नांगर टाकला. तासाभरात वारा फिरला. नांगर कपारीत असा रुतला की वर येईना आणि दावं तुटलेला एक रिकामा तराफा सरळ त्यांच्यावर येऊ लागला. साखळी सोडून निघणं एवढाच मार्ग उरला. ती पुढच्या टोकाशी, साखळीच्या कप्प्यात अर्धी उतरून करवतीने कडी कापत होती. धक्क्यावरून केवढीशी दिसत होती!

"सोड ते, उडी मार!" मी ओरडत होते. वारा शब्द माझ्याच तोंडात कोंबत होता.

शेजारचा नावाडी म्हणाला, "वहिनी, तिला नाही ऐकू जायचं."

कडी तुटली. ताणलेलं टोक उसळून बाहेर गेलं आणि जाताना तिच्या डाव्या हाताची दोन बोटं घेऊन गेलं. नौका वाचली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती म्हणाली, "आई, वर्कशॉपला कळव ना, दोन आठवडे येत नाही म्हणून."

आता कधीच येणार नाही, असं सांगायचं ठरवून मी फोन लावला. मालकांनी विचारलं, "कशी आहे पोरगी?"

ती माझ्याकडे बघत होती.

"बरी आहे," मी म्हणाले. "दोन आठवड्यांनी येईल."